भरताची गाडी

मार्गशीर्ष लागला की धुळ्याच्या बाजारात ती वांगी येतात. हिरवी, पांढऱ्या रेघांची, नारळाएवढी. भाजीवाल्या बाया गोणपाटावर त्यांची रास लावतात आणि सकाळच्या उन्हात ती राशीभर तुकतुकत असतात. मी एकदा पुढे जाते आणि परत येते. एकेक वांगं तळहातावर धरून जोखते. दिसायला मोठं आणि हाताला हलकं, ते घ्यायचं. जड निघालं तर आत बियाच बिया. हे मला इंदूअक्कांनी शिकवलं. बाजारात कुणी विचारलं, "ताई, तुम्हाला बरं कळतं," तर मी नुसती मान हलवते.

आमच्याकडे हिवाळा थंडीवरून कळत नाही, वासावरून कळतो. कपाशी वेचून झालेली असते, शेताच्या बांधावर वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे पडलेले असतात आणि दुपारी कुठून तरी त्या पऱ्हाट्यांचा धूर येतो. त्या धुरात वांग्याची साल जळल्याचा वास असला की समजायचं, कुणाच्या तरी शेतात भरताची पार्टी आहे. खानदेशातल्या माणसाला हा वास आला की भूक लागते. मी मात्र इतक्या वर्षांनंतरही खिडकी लावून घेते.

नव्वद साल उजाडायच्या आधीचा तो एक हिवाळा. तेव्हा आम्ही पारोळ्यात राहायचो. माझे वडील, नाना, एका सूतगिरणीच्या बसवर ड्रायव्हर होते. गावोगावचे कामगार पाळीला पोचवायचे आणि पाळी सुटली की परत आणायचे, अठरा वर्षं हेच काम. त्याच बसची देखभाल सुकदेवभाऊ करायचे. ते गिरणीत मिस्त्री होते. नानांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला कमी, इंजिनाचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगणारे. नाना म्हणायचे, "मी गाडी चालाडस, पन गाडी ऐकस ती सुकदेवनं." सुकदेवभाऊंचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, बौद्धवाड्यात. इंदूअक्का म्हणजे त्यांची बायको.

गिरणी बंद पडली. गाड्या विकायला काढल्या तेव्हा चांगल्या होत्या त्या गेल्या आणि ही सगळ्यात जुनी तेवढी आवारात उभी राहिली. टायर बसलेले, पत्रा गंजलेला, खिडक्यांना काचा नाहीत. भंगारवाल्यानेही तिच्याभोवती दोन चकरा मारून पाठ फिरवली. नाना आणि सुकदेवभाऊंनी ती मिळून घेतली. दोघांनाही ती भंगारात जाताना बघवत नव्हती, एवढंच खरं कारण असावं. तिचं पुढे काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं.

ते सुचलं सुकदेवभाऊंना. आमच्या ओसरीत चहा पिताना त्यांनी एका कागदावर पेन्सिलीने बस काढली आणि तिचा मागचा भाग आडवा उघडलेला दाखवला.

"नाना, शहरना लोकेस्ले वावरमा भरीत खावाले जानं ऱ्हास," ते म्हणाले. "टेम्पोमा बाया बसतीस नही. भांडा न्यावाना, पानी न्यावानं, सतरंज्या न्यावान्या. आपली गाडी बठ्ठं लई जाई. माणसं बी, चूल बी."

नानांनी कागद बराच वेळ पाहिला. मग आईला हाक मारून म्हणाले, "अजून एक कप चहा कर."

त्या दिवसापासून दोन महिने आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत ठोकाठोक चालू होती. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्हीकडून निरोप आला नव्हता. आईच्या उसाशांतून सुटका म्हणून मी बसपाशी जाऊन बसायची. आधी सगळ्या सीटा काढल्या. एकेक नट गंजून जाम झालेला, सुकदेवभाऊ त्यावर घासलेट सोडायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. सीटांखाली कामगारांच्या अठरा वर्षांच्या वस्तू निघाल्या. तंबाखूच्या डब्या, बांगड्यांचे तुकडे, एका मुलीची रिबीन. इंदूअक्कांनी रिबीन धुऊन वाळत घातली, मग कुणाला द्यायची ते न सुचून तशीच खिडकीच्या गजाला बांधून टाकली.

दोन्ही बाजूंना लांब लाकडी बाकं बसवली, त्यांच्या खाली भांड्यांचे कप्पे. टपावर पाण्याची टाकी आणि तिथून खाली उतरणारा नळ. ड्रायव्हरच्या डोक्यावर टेपरेकॉर्डर. आणि मागे सुकदेवभाऊंचा तो ओटा. बसचा मागचा पत्रा त्यांनी कमरेएवढ्या उंचीवर कापला, खाली बिजागऱ्या लावल्या, दोन बाजूंना साखळ्या. साखळी सोडली की आख्खी मागची बाजू हलकेच खाली यायची आणि स्वयंपाकाचा ओटा तयार. पहिल्यांदा तो उघडला तेव्हा नानांनी त्यावर हात फिरवला, धार कुठे लागते का पाहिलं. कुठेच लागली नाही. सुकदेवभाऊंनी कड सगळीकडून वळवून घेतली होती.

रंगाच्या वेळी मात्र एक गोष्ट झाली. सुकदेवभाऊ निळ्या रंगाचा डबा घेऊन आले. चांगला गडद निळा. नाना डब्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "निळा नको रे सुकदेव. गिऱ्हाईक इचारतीन."

"काय इचारतीन?"

नाना ब्रश उचलून त्याचे केस चाचपायला लागले. सुकदेवभाऊंनी डब्याचं झाकण परत बसवलं, हाताच्या तळव्याने चारी बाजूंनी दाबून घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी ते पिवळा रंग घेऊन आले. त्या दोघांत एवढंच बोलणं झालं. मी तिथेच बसले होते. मला सगळं कळलं होतं आणि ते फार साधं, व्यवहाराचं वाटलं होतं. आपल्याला कळतंय आणि काही वाटत नाही, हे किती सहज जमतं माणसाला.

गाडी तयार झाल्यावर पहिली फेरी आमच्या दोन घरांची. बोरी नदीच्या काठी इंदूअक्कांच्या मावसभावाचं शेत होतं, तिथे. अक्कांनी पऱ्हाट्या पेटवल्या आणि वांगी जाळात टाकली. जाळ मोठा हवा, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं गोड लागत नाही, असं त्या म्हणायच्या. साल काळी पडून फुटायला लागली की हातानेच उलटायच्या. त्यांची बोटं भाजत कशी नाहीत, याचं मला नवल वाटायचं. मग ती सोललेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची. वरून शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर आणि सढळ हाताने तेल. केळीच्या पानावर ते भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. नानांनी त्या दिवशी इतकं खाल्लं की बांधावरच आडवे झाले. सुकदेवभाऊ टेपवर गाणी लावत होते आणि मध्येच स्वतःशी हसत होते. त्यांना एवढं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

आईनेही भरीत खाल्लं, वाखाणलं. भाकरी मात्र तिने घरून फडक्यात बांधून आणली होती. "मला कळण्याची बाधते," ती म्हणाली. अक्कांनी मान डोलावली आणि तिच्या पानावर आणखी भरीत वाढलं. आमच्या घरी दर सोमवारी कळण्याच्याच भाकरी व्हायच्या.

गाडीचं नाव झालं. बँकेतली माणसं आली, एक डॉक्टर आपल्या सगळ्या गोतावळ्याला घेऊन आला, एरंडोलहून शिक्षकांचा एक गट आला. लोक तिला 'भरताची गाडी' म्हणायला लागले. नाना गाडी चालवायचे, सुकदेवभाऊ जाळ आणि गाडी सांभाळायचे, अक्का भरीत करायच्या आणि मी पात चिरायला, वाढायला असायची. भरीत कुणी केलं हे कुणी विचारलं नाही. किंवा विचारायची वेळ आली की नाना काहीतरी दुसरं बोलायचे. त्या पाच-सहा आठवड्यांत मला प्रथमच वाटलं की गिरणी बंद पडली ते एका परीने बरंच झालं.

आणि मग धुळ्याचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, घरचा वाडवडिलांचा धंदा, मुलगा शिकलेला. मध्यस्थाने त्यांना भरताच्या गाडीबद्दल सांगितलं होतं. मुलाच्या आईने निरोप धाडला, कांदेपोह्यांऐवजी भरीतच होऊ द्या, मुलगीही बघू आणि शेतही. नाना दोन दिवस नुसते येरझाऱ्या घालत होते. सुकदेवभाऊंनी गाडी आरशासारखी पुसून ठेवली. इंदूअक्कांनी बाजारातून वांगी स्वतः निवडून आणली, एकेक जोखून. मला म्हणाल्या, "शालू, आज असं भरीत करसू की त्या पाहुणा तुले इथूनच लई जातीन."

भर दुपारची वेळ. तीच बोरीकाठची जागा. पाहुणे बारा-पंधरा होते. अक्कांनी नेहमीसारखं सगळं केलं. त्या ओट्याशी उभ्या राहून ठेचत होत्या, मी शेजारी पात चिरत होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा डोळे मिचकावले होते. पानं वाढली. लोक जेवायला लागले आणि मी वाढून पुढे सरकेपर्यंत मागचं पान रिकामं होत होतं, इतकं ते चांगलं झालं होतं.

मुलाची आई, म्हणजे आज माझ्या सासूबाई, पानावरून नजर वर करून म्हणाल्या, "अशी चव मी कुठे खाल्ली नाही. कुणाच्या हातचं हे?"

नाना पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसला. तांब्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

मी म्हणाले, "मी केलं."

आवाज अगदी साधा निघाला. त्याला कुठे अडखळही नव्हती. सासूबाईंनी ओट्याकडे पाहिलं. तिथे अक्का बडगी धूत होत्या, कोपरापर्यंत हात काजळीने काळे.

"हो का गं बाई?" त्यांनी अक्कांना विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हा," त्या म्हणाल्या, "पोरनीच करं. मी नुसता जाळ कया."

सासूबाई खूश झाल्या. "शिकलेली आहे आणि हाताला चव पण आहे," असं शेजारच्या बाईला म्हणाल्या. तेवढ्यात मुलाचे काका पान घेऊन गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. सुकदेवभाऊ तिथे उभे होते.

"गाडी छान बनवली हो," काका म्हणाले. "तुम्ही कुठले? आडनाव काय?"

सुकदेवभाऊंनी तोंड उघडलं. त्यांनी आडनाव सांगितलंच असतं, ते लपवणारे नव्हते. पण नाना मध्येच घाईने बोलले, तेही शहरी भाषेत, "गाडीचा माणूस आहे. मिस्त्री. स्वयंपाकाला हात लावत नाहीत ते लोक."

ते लोक. निम्मी गाडी त्यांची होती. कागदावर पेन्सिलीने काढलेली, प्रत्येक बिजागरी हाताने बसवलेली. सुकदेवभाऊंनी बॉनेट उघडलं आणि ते आत वाकले. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. पाहुण्यांचं जेवण, विडे, गप्पा सगळं उरकेपर्यंत ते तसेच वाकून होते.

त्या दिवशी अक्का आणि सुकदेवभाऊ जेवले नाहीत. मीही वाढताना त्यांना बोलावलं नाही. बोलावलं असतं तर बसायचं कुठे, हा प्रश्न आला असता, आणि तो येऊ नये असं मला वाटत होतं. परतीच्या वाटेवर पाहुण्यांच्या बायका गाणी म्हणत होत्या. अक्का मागच्या कोपऱ्यात रिकाम्या भांड्यांना हाताने धरून बसल्या होत्या, ती वाजू नयेत म्हणून.

स्थळ ठरलं. माघात लग्न. मुलीचा बाप वऱ्हाडाची गाडी चालवणार कशी, म्हणून गाडी सुकदेवभाऊंनी चालवली. झेंडूच्या माळा त्यांनीच बांधल्या होत्या. धुळ्याला मांडवापाशी उतरताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मागे सरून हात जोडले. "नही बेटा. लोके देखी राहिनात," ते म्हणाले. पंगती उठेपर्यंत ते ड्रायव्हरच्या सीटवर बसून होते. कुणीतरी पत्रावळ नेऊन दिली तर भूक नाही म्हणाले. अक्का लग्नाला आल्याच नव्हत्या.

पुढचं मला आईकडून कळलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेवभाऊ आमच्या ओसरीवर आले आणि गाडीची किल्ली नानांपुढे ठेवली. भांडण नाही, चढा आवाज नाही. "नाना, गाडी तुमनीच शे," एवढं म्हणाले. महिन्याभरात ते सुरतेला निघून गेले, कुठल्याशा कापडाच्या कारखान्यात. अक्का पारोळ्यातच राहिल्या, शेतमजुरीला जायला लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात नानांनी दोन फेऱ्या करून पाहिल्या. गाडी चढावर धापा टाकायची आणि कुठे अडतंय ते त्यांना सापडत नव्हतं. शहरातून दुसरा मिस्त्री आणला, त्याने अर्धं इंजिन उघडून ठेवलं आणि पुन्हा आलाच नाही. मी माहेरी गेले की घरामागे ती पिवळी गाडी उभी दिसायची. नाना रोज सकाळी तिच्यात जाऊन बसायचे, किल्ली फिरवायचे. काही दिवस घरघर यायची, नंतर नुसता खट्ट असा आवाज. तरी ते रोज जायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते.

"तवय मी बोलाले नको व्हतं," ते म्हणाले.

मी म्हणाले, "आधी मी बोलले, नाना."

त्यांनी मान हलवली. आम्हा दोघांचं त्या दिवसाबद्दल झालेलं हे एकच बोलणं.

इकडे धुळ्याला माझ्या भरताची कीर्ती झाली होती. दर हिवाळ्यात सासूबाई नात्यागोत्यातल्या लोकांना बोलवायच्या, "आमच्या सुनेच्या हातचं खाऊन बघा." मी अक्कांना पाहून पाहून शिकले होते, त्यामुळे जवळपास तसं व्हायचं. जवळपास. लोक वाखाणायचे. बोटं भाजली तरी मी वांगी हातानेच उलटायची. ते लोकांना कौतुकाचं वाटायचं. माझा नवरा भला माणूस आहे, त्याला सांगितलं असतं तर कदाचित तो हसून म्हणाला असता, त्यात काय. हे 'त्यात काय' ऐकायची मला भीती वाटत असे. आणि तो तसं म्हणाला नसता तर, याची त्याहून जास्त.

सुकदेवभाऊ काही वर्षांनी सुरतेहून परत आले ते छातीचं दुखणं घेऊन. दोन पावसाळे त्यांनी अंथरुणात काढले. नाना त्यांना भेटायला निघाले होते, आईने सांगितलं. पहिली गल्ली ओलांडली, दुसरीच्या तोंडाशी उभे राहिले आणि परत आले. दुसऱ्याही दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सुकदेवभाऊ गेल्याची बातमी आली. त्यानंतर नाना गाडीत जाऊन बसायचे थांबले. गाडी कधी विकली, कुणी तोडून नेली, मी विचारलं नाही. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा नानाही गेले.

नानांचं तेरावं उरकल्यावर मी त्या दोन गल्ल्या चालत गेले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते अंतर फारच कमी होतं. अक्का दारात सुपात धान्य पाखडत बसल्या होत्या. केस पिकले होते, बाकी त्याच. त्यांनी मला ओळखलं, बसायला घोंगडी टाकली, चहा ठेवला. नानांची चौकशी केली, शेवटी त्रास झाला का विचारलं. मी चहा प्यायले आणि जे बोलायला गेले होते ते बोलले. त्या दिवशी मी खोटं बोलले, अक्का. तुमचं केलेलं मी माझं म्हणून सांगितलं. दहा वर्षं तेच खाते आहे. असं काहीबाही. रडले सुद्धा.

अक्का पाखडायचं थांबल्या नाहीत. सूप खाली ठेवल्यावर म्हणाल्या, "तू खोटं बोलनी तेनं मले काही नही वाटनं. तुन्हं लगन व्हतं. पन मी हा म्हनी दिधं. घर येवावर यास्नी मले एकच इचारं, तू हा काब्र म्हननी? मरापावत तेच इचारत. मी काय सांगू त्यास्ले?"

सुकदेवभाऊंचं मरेपर्यंतचं ते 'का' ऐकून मी रिकामा कप बशीत फिरवत बसले.

मग अक्कांनी विचारलं, "तुन्हा घर माहीत शे का कोणले?"

"नाही."

"आते सांगशी?"

"सांगेन," मी म्हणाले. खरोखर ठरवूनच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठून आत गेल्या आणि एका फडक्यात तुरीच्या ओल्या शेंगा बांधून आणल्या. "बोरीकाठना भाऊना वावरन्या शेतस. पोरेस्ले शिजाडी दे," म्हणाल्या. मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या नाहीत.

धुळ्याच्या गाडीत मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले आणि सासूबाईंना कसं सांगायचं, आधी काय, नंतर काय, याची मनात जुळणी करत राहिले. घरी पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. सासूबाई ओसरीत होत्या. त्यांनी गाठोडं सोडलं, एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

"किती गोड आहेत. कुणी दिल्या गं?"

मी चप्पल काढत होते. काढून ती भिंतीशी नीट लावून ठेवली.

"माहेरच्याच आहेत," मी म्हणाले.

मग आत जाऊन हातपाय धुतले आणि शेंगा मीठ घालून शिजत ठेवल्या. सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.